दोन्हीकडून उगवणारा सूर्य

वाकिता हिकोझोनं आयुष्यभर एकच डोंगर रंगवला. तोक्योच्या सेंजू भागात जेवढे म्हणून हमामखाने होते, त्यांच्या भिंतींवरचा फुजी बहुतेक त्याच्याच हातचा. माणसानं गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसावं, समोर निळं आभाळ, पांढऱ्या डोक्याचा फुजी, पायथ्याशी सुरुगाचा समुद्र आणि कडेला दोन पाइनची झाडं असावीत, यापलीकडे चित्रकलेला काही काम आहे असं त्याला वाटत नसे. रोज तोच डोंगर काढायचा कंटाळा येत नाही का, असं एका शाळामास्तरानं विचारलं, तेव्हा त्यानं उलट विचारलं होतं, की तुम्हाला भाताचा येतो का?

खुद्द फुजी त्यानं पाहिला होता तो सेंजूच्या छपरांवरून, हिवाळ्यात, बोटाच्या पेराएवढा. लग्नानंतर बायकोला, तोमेला, घेऊन तो मुद्दाम सुरुगाला गेला, तर ढगांनी डोंगर काही दिसू दिला नाही. परत येताना आगगाडीत तो तोमेला म्हणाला, की आपलाच बरा, दिसतो तरी.

त्याच्या धंद्याचे काही नेम होते. आभाळ आधी, मग खाली उतरत यायचं, म्हणजे ओघळ झाकले जातात. चित्राखाली हातभर पट्टी कोरी सोडायची, कारण तिथं टोफूवाल्याची नाही तर सुईणीची जाहिरात येते. आणि काही झालं तरी मावळता सूर्य काढायचा नाही. मावळतीच्या भिंतीखाली न्हालेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, हे त्याच्या गुरूनं कुंचला हातात देण्याआधी त्याला बजावलं होतं. मिनोवातल्या एका मालकानं हट्टानं मावळता काढून घेतला आणि वर्षाच्या आत त्याच्या हमामखान्याला टाळं लागलं. त्याचा बॉयलर फुटला होता, ही गोष्ट हिकोझोच्या लेखी किरकोळ होती.

अशा माणसाला चव्वेचाळीस सालच्या पानगळीत फौजेनं उचललं. वय त्रेचाळीस, गुडघे कुरकुरणारे, बंदूक उजव्या खांद्याला लावायची की डाव्या याचा अंदाज नाही. त्याला शिमोसाच्या सपाटीवरच्या लढाऊ विमानांच्या तळावर धाडलं. तिथं विमानांच्या दुरुस्तीचा कारभार हवालदार अमेमियाकडे होता. नव्या शिपायाचा धंदा रंगाऱ्याचा आहे हे कळताच अमेमियानं त्याला कवायतीतून काढलं आणि हातात हिरव्या रंगाचा डबा दिला. हिकोझोनं मनातल्या मनात सेंजूच्या देवळाला नमस्कार केला.

कारखान्यातून विमानं यायची ती नुसती चकाकत्या पत्र्याची. उन्हात ती पाच कोसांवरून दिसत. त्यांच्यावर हिरवे फराटे मारून ती झाडीत दडतील अशी करायची, हे काम. हिरवा रंग पुरत नव्हता, म्हणून हिकोझोनं निळा आणि पिवळा कालवून आपला हिरवा बनवला. तीस वर्षांची सवय हाताला, फराटा मारायला जावं तर पाइनची फांदी उमटे. पोटाखालची हातभर जागा त्यानं कोरीच ठेवली. का, म्हणून अमेमियानं विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, की इथं टोफूवाल्याची जाहिरात येईल. अमेमिया त्याच्याकडे बघतच राहिला. पण नियमाप्रमाणेही विमानाचं पोट कोरंच ठेवायचं होतं, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात हिकोझोला नियम पाठ असलेला शिपाई म्हणून शाबासकी मिळाली.

वैमानिक मात्र हसू लागले. त्यातला सेकिने नावाचा पोरगा, वय एकोणीस, लाकडी चपला करणाऱ्याचा मुलगा, पहिल्या दिवशीच विमानाभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, की हे झाड मी ओळखतो. तो सेंजूचा निघाला. बापाच्या मांडीवर बसून ज्या भिंतीकडे बघत तो लहानाचा मोठा झाला, ती भिंत हिकोझोची होती. त्या दिवसापासून सेकिने त्याला वाकिताकाका म्हणू लागला, आणि वैमानिकांना जास्तीची मिळणारी गोड घेवड्याची वडी अर्धी आणून देऊ लागला. हुद्द्यानं सेकिने वरचा, त्यामुळे काकांना पुतण्याला सलाम ठोकावा लागे. हातात कुंचला असायचा, तो तसाच कपाळाला जायचा, आणि हिकोझोची टोपी विमानांच्या आधी हिरवी झाली.

तळाचे प्रमुख मेजर मुरामात्सु. सुरुगाच्या चहाच्या मळ्यांत वाढलेला, बुटका, नाकावर माशी बसू न देणारा माणूस. आपल्या तुकडीला शोभेलशी निशाणी शेपटीवर हवी, असं त्याच्या मनानं घेतलं. इतर तुकड्यांच्या शेपट्यांवर बाण होते, विजा होत्या, वाघ होते. मेजरनं स्वतः बसून कागदावर फुजी काढला आणि डोंगराच्या उतारामागून अर्धा वर आलेला लाल सूर्य. सूर्य विमानाच्या नाकाच्या बाजूला असला पाहिजे, शेपटीच्या दोन्ही अंगांना, म्हणजे विमान कुठूनही पाहिलं तरी सूर्याकडे झेपावताना दिसेल, असा हुकूम होता.

फुजी काढायचा म्हटल्यावर हिकोझोला हर्ष झाला. शेपटीच्या उजव्या अंगावरचा फुजी त्यानं जेवणाआधी उरकला. जेवून डाव्या अंगाला आला, कागद पाठीमागून उजेडाला धरला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

सुरुगाच्या किनाऱ्यावरून फुजीकडे पाहिलं की तोंड उत्तरेला असतं. उजवा हात पूर्वेला, डावा पश्चिमेला. शेपटीच्या उजव्या अंगाला विमानाचं नाक उजवीकडे, तिथं सूर्य पुढे काढला की तो डोंगराच्या पूर्वेला येतो. म्हणजे उगवता. पण डाव्या अंगाला नाक डावीकडे, तिथं सूर्य पुढे काढला की तो गेला पश्चिमेला. म्हणजे मावळता. आणि वैमानिक विमानात चढतात ते डाव्या अंगानं. सेकिने रोज मावळत्या सूर्याच्या बाजूनं विमानात चढून आभाळात जाणार, हा विचार मनात आला आणि हिकोझोचा हात उठेना. हमामखान्यातलं गिऱ्हाईक परत आलं नाही तर दुसऱ्या हमामखान्यात जातं. हे पोरगं परत आलं नाही तर कुठं जाईल?

त्यानं अमेमियाला गाठून विचारलं, की डाव्या अंगाला सूर्य मागे ढकलला तर?

"निशाणी उलट्या पावली चालते का रे कधी?" अमेमिया म्हणाला. "वाघ काढला तरी तो दोन्हीकडून नाकाकडेच बघतो. आणि डावीकडे सूर्य म्हणजे मावळता, हे तुला सांगितलं कुणी? आमच्या अंगणातून तर तो रोज डावीकडूनच उगवतो."

हिकोझोनं कुंचला खाली ठेवला. "कुठं आहे तुमचं अंगण?"

"कावागुची तळ्याच्या काठी. डोंगराच्या पुढच्या बाजूला."

"ती मागची बाजू, हवालदारसाहेब. पुढची सुरुगाची."

"कुणाची मागची? आमची आई जन्मभर त्या डोंगरासमोर पर्सिमनची फळं वाळवत आली, ती काय डोंगराच्या पाठीकडे बघत?"

भांडण झालं असतं, पण हिकोझोचं तिकडे लक्षच नव्हतं. तळ्याकाठी उभं राहिलं की तोंड दक्षिणेला, मग डावा हात पूर्वेला. म्हणजे डाव्या अंगाला सुरुगाचा फुजी काढायचाच नाही, तळ्याकाठचा काढायचा. सूर्य हुकमाप्रमाणे नाकाकडे, आणि दोन्हीकडून उगवता. फरक एवढाच, की सुरुगाकडून फुजीच्या उजव्या खांद्यावर एक आवाळू दिसतं, ते तळ्याकडून दिसत नाही. ते गाळायचं आणि समुद्राच्या जागी तळं काढायचं.

अमेमियाची छाती फुगली. त्याच्या गावचा डोंगर फौजेच्या विमानावर जाणार होता. तळ्यात पडलेलं डोंगराचं उलटं प्रतिबिंबही काढ, आमच्याकडची तीच तर शोभा, असा त्यानं लकडा लावला. हिकोझो म्हणाला की विमानावर उलटं झालेलं काहीही काढू नये, आणि एवढं बोलून त्यानं आभाळापासून सुरुवात केली.

साऱ्या तुकडीच्या शेपट्या रंगून झाल्या. हिकोझोनं खरं कारण फक्त सेकिनेला सांगितलं, आणि सेकिनेला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. वैमानिक एकमेकांची चेष्टा करत, की चल, हमामाला जाऊन येऊ. पण विमानात चढताना जो तो शेपटीवरच्या सूर्यावर हळूच हात टेकवून जाऊ लागला. रंग वाळण्याआधीच हात टेकल्यामुळे इकुता नावाच्या वैमानिकाच्या सूर्याला बोटं उमटली. ती पुसायला गेलेल्या हिकोझोला त्यानं हात जोडून थांबवलं.

मेजरच्या ध्यानात यायला थोडे दिवस लागले, कारण मेजर नेहमी घाईत असे. एका सकाळी तो शिडीवर पाय ठेवता ठेवता थांबला, मागे फिरला आणि शेपटीला नाक लावून उभा राहिला. मग त्यानं रंगाऱ्याला बोलावणं धाडलं.

"आवाळू कुठं गेलं?" मेजरनं विचारलं.

सगळे वैमानिक जमले होते. हिकोझो म्हणाला, की हा फुजी तळ्याकाठून पाहिलेला आहे, तिकडून आवाळू दिसत नाही. मेजरचा चेहरा आधी पांढरा झाला, मग सूर्याच्या रंगावर गेला. सुरुगाच्या माणसाच्या विमानावर, त्याच्याच हुकमानं, फुजीची मागची बाजू. मागे उभा असलेला अमेमिया खाकरला आणि अदबीनं म्हणाला, की पुढची, मेजरसाहेब. मेजरनं त्याच्याकडे असं पाहिलं की अमेमिया दोन पावलं मागे सरला, पण शब्द काही त्यानं मागे घेतला नाही.

मेजरनं हुकूम सोडला. उद्या सकाळपर्यंत साऱ्या शेपट्यांवर दोन्ही अंगांना सुरुगाचा फुजी हवा, नाही तर रंगारी पुढच्या बोटीनं दक्षिणेच्या बेटांवर जाईल. त्या बोटी बेटांपर्यंत पोचत नाहीत हे तळावरच्या स्वयंपाक्यालाही ठाऊक होतं.

हिकोझोनं हिरवी टोपी काढून हातात धरली. मग तो म्हणाला, "डाव्या अंगाचा मावळता होईल, साहेब."

"सूर्य तो सूर्य. उगवला काय, मावळला काय."

"नाही साहेब. मावळता काढला की गिऱ्हाईक परत येत नाही. ही पोरं परत यायला हवीत. मला बोटीवर घाला, पण यांच्या शेपटीवर मी मावळता काढणार नाही."

पोरं हमाम हमाम म्हणून हसत होती ती आता बुटांकडे बघू लागली. मग सेकिने पुढे झाला आणि म्हणाला, की मेजरसाहेब, मला आपला तळ्याकाठचाच आवडतो. इकुता म्हणाला, मलाही. हाराशिमा नावाचा एक जण तर सुरुगाचाच होता, मेजरच्या शेजारच्या गावचा. त्यानं मान खाली घालून सांगितलं, की आपल्याला आवाळू तसंही कधी आवडलं नव्हतं.

मेजरनं शेपटीवरच्या तळ्यावरून बोट फिरवलं. माणूस तापट होता, दुष्ट नव्हता. शेवटी म्हणाला, की बाकीच्यांचे राहू देत. "माझ्या विमानावर मात्र दोन्हीकडे सुरुगाचाच. मी काही तुझं गिऱ्हाईक नाही."

हिकोझोनं आयुष्यातला पहिला मावळता सूर्य मेजरच्या शेपटीवर काढला. काढताना तो गुरूची माफी मागत होता, आणि काढून झाल्यावर मेजरची मागावी की काय असं त्याला वाटलं. त्या दिवसापासून मेजरला सलाम ठोकताना तो आपण शेवटचाच ठोकतो आहोत अशा भावानं ठोकी. मेजर वैतागे.

हिवाळ्यात मोठी बॉम्बफेकी विमानं येऊ लागली. समुद्रावरून येत, फुजी दिसला की तिथं वळत आणि तोक्योवर जात. तुकडी त्यांना गाठायला वर चढे. खाली हिकोझो धावपट्टीच्या कडेला डबा पालथा घालून बसे आणि परतणाऱ्या शेपट्या मोजे.

मेजर रोज परत येई. विमानाला ओरखडा नाही. मावळता सूर्य मिरवत तो उतरे, शिडीवरून खाली येई आणि हिकोझोकडे न बघता निघून जाई. एक दिवस हाराशिमा आला नाही. त्यानंतर काही दिवसांनी इकुता आला नाही. बोटांचे ठसे असलेला उगवता सूर्य कुठल्या समुद्रात पडला, ते कुणाला कळलं नाही. त्या संध्याकाळी मेजर पहिल्यांदाच हिकोझोपाशी येऊन थांबला. रागावलेला नव्हता. त्यानं एवढंच विचारलं, की तुझा सूर्य आज कुठं होता? हिकोझो डब्यावरून उठला. त्यानं कुंचले धुतले आणि उलटे करून डब्यात ठेवले. आपण एक साधा भिंती रंगवणारा माणूस, पोरांना उगाच भलत्या भरवशावर वर पाठवलं, या विचारानं त्याला जेवण जाईना.

आणि मग सेकिने आला नाही.

फुजीच्या अंगाला त्याचं विमान धूर सोडत खाली जाताना तुकडीतल्या दोघांनी पाहिलं होतं. अमेमियानं त्याच्या वाट्याचा भात बाजूला काढून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी निमूटपणे टाकून दिला. हिकोझो डब्यावर बसून राहिला. अमेमियानं त्याला उठवायचा प्रयत्न केला नाही, शेजारी दुसरा डबा पालथा घालून तोही बसला.

तिसऱ्या दिवशी दुपारी कोळशावर चालणारी एक मालमोटार खोकत खोकत फाटकाशी आली. तिच्यातून सेकिने उतरला. हात गळ्यात बांधलेला, तोंड काजळीनं काळं, अंगात कुणा शेतकऱ्याचा रुईभरला जाड अंगरखा.

सगळे त्याच्याभोवती जमले. हवाई छत्री उघडून तो तुतीच्या एका शेतात उतरला होता, तळ्याकाठच्या गावाजवळ. उतरतो न उतरतो तोच गाव बांबूचे भाले आणि खुरपी घेऊन धावलं. आभाळातून पडला तो शत्रूच, अशी त्यांची खात्री. जपानी बोललेलं त्यांना ऐकू जाईना, कारण तेच सगळे एकदम ओरडत होते. एका म्हातारीचा भाला त्याच्या पोटापाशी होता, तेवढ्यात कुणीतरी शेताच्या बांधावर अडकलेली विमानाची शेपूट पाहिली. डावं अंग वर. म्हातारी शेपटीपाशी गेली, वाकून पाहिलं, आणि भाला टाकून म्हणाली, अरे थांबा, हा आपला, याच्याकडे आपला डोंगर आहे. मग त्याला घरी नेऊन गरम भोपळ्याचा रस्सा पाजला. सुरुगाकडचा डोंगर असता तर काय केलं असतं, असं त्यानं निघताना विचारलं. म्हातारी म्हणाली, मारलं नसतं, पण थोडं टोचलं असतं.

अमेमियाला काय करावं सुचेना. तो आधी हसला, मग प्रत्येकाला धरून विचारू लागला, की आता सांगा, पुढची बाजू कुठली? मेजर कडेला उभा होता. तो म्हणाला, की बरं आहे, आज पुढची तुझी.

सेकिनेनं गर्दीतून वाट काढली आणि हिकोझोपुढे येऊन कमरेत वाकला. "वाकिताकाका, माफ करा. तुमचं चित्र घालवलं मी. म्हातारीनं शेपूट परत दिली नाही, देव्हाऱ्याशेजारी ठेवायची म्हणाली."

चार महिने वरच्याला सलाम ठोकणारा शिपाई हिकोझो त्याच्यावर खेकसला. "गाढवा, चित्राला काय जाळायचंय? दर वर्षी भिंत खरवडून नवं काढायचंच असतं. भिंतीसाठी कुणी हमाम काढतं का? गिऱ्हाईक आलं, बस्स झालं." एवढं बोलला आणि सगळ्यांदेखत रडू लागला. त्या रडण्यात सेकिने होता, इकुता होता आणि हाराशिमाही होता. त्या दोघांच्या शेपटीवरही हाच डोंगर होता, हे तो विसरला नव्हता, आणि पुढे आयुष्यात कधी त्यानं आपल्या सूर्यानं कुणाला वाचवलं असं म्हटलं नाही.

मग तो कामाला लागला. तेलाचं एक रिकामं पिंप घासून त्यानं विटांवर चढवलं, पाणी भरलं, मोडक्या खोक्यांचा जाळ केला, आणि सेकिनेला दुखरा हात बाहेर ठेवून आत बसवलं. समोर भिंत नव्हती. उघडं मैदान होतं आणि त्यावर दुपारचं ऊन. सेकिने गळ्यापर्यंत पाण्यात उतरला, डोळे मिटले, आणि त्याच्या तोंडून आपोआप एक लांब सुस्कारा निघाला.

हिकोझो जाळ सारायचं विसरून उभा राहिला. हमामखाना बंद असेल त्या दिवशी येऊन भिंत रंगवायची आणि निघून जायचं, अशी त्याची तीस वर्षं गेली होती. स्वतः न्हायला गेला तरी मान वर करून भिंतीतल्या चुकाच शोधत बसायचा. त्या भिंतीखाली पाण्यात बसलेल्या माणसाचं तोंड कसं दिसतं, हे त्यानं आजवर पाहिलंच नव्हतं. पाणी फार तापलं का, असं त्यानं विचारलं. सेकिने डोळे न उघडता म्हणाला, की नाही काका, अगदी बेताचं आहे.